झाड आपलं, जागा आपली, तरी करवत लावायच्या आधी हे वाचा

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतला गुलमोहर पार्किंगच्या बाजूला झुकलाय असं कुणाच्या तरी लक्षात आलं, ग्रुपवर फोटो पडले आणि दुसऱ्या दिवशी एक मेंबर थेट लाकूडवाल्यालाच घेऊन आले. त्याने झाडाला एक चक्कर मारली, बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाला, "साहेब, रविवारी सकाळी सहाला येतो, नऊपर्यंत जागा साफ. कुणाला कळणार पण नाही." चार हजार रुपये द्यायचे आणि लाकूड त्याचं. मी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झालो होतो आणि खरं सांगतो, मलाही पहिल्यांदा वाटलं की बरं झालं, विषय संपला. पण सही माझी लागणार होती म्हणून जरा कायदा उघडून बघितला आणि घाम फुटला. त्यानंतर चार-पाच महिने जे काही शिकलो ते इथे लिहितोय, म्हणजे तुम्हाला तेवढी पळापळ नको.

मुळात आपल्या शहरी भागासाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत हाच चालतो. यातलं कलम ८ प्रत्येक घरमालकाने एकदा तरी वाचावं, कारण त्यात स्पष्ट म्हटलंय की जमीन स्वतःच्या मालकीची असो नाहीतर दुसऱ्याची, वृक्ष प्राधिकरणाच्या (म्हणजे झाडांसाठी नेमलेल्या स्थानिक समितीच्या) आधी घेतलेल्या परवानगीशिवाय झाड तोडता येणार नाही आणि तोडायला लावताही येणार नाही. हे "तोडायला लावणं" महत्त्वाचं, म्हणजे करवत लाकूडवाल्याच्या हातात होती, मी तर गॅलरीत चहा पीत होतो, ही सबब चालत नाही.

दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. "तोडणे" या शब्दात जाळणं, कापणं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. त्यामुळे बुंध्याला ड्रिल मारून ॲसिड ओतायचं, चहूबाजूंनी साल सोलून ठेवायची, मुळाशी कचरा पेटवायचा आणि मग सहा महिन्यांनी "अहो झाड आपोआप वाळलं" म्हणायचं, हे जे शहाणपण गल्लोगल्ली ऐकायला मिळतं ना, तोसुद्धा गुन्हाच. आणि वृक्ष अधिकाऱ्यांनी असली भोकं शेकड्याने बघितलेली असतात, ते बुंध्याकडे बघूनच ओळखतात.

शिक्षेचं म्हणाल तर मूळ कायद्यात दर गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड आणि वर एक आठवडा ते एक वर्ष कैद आहे, आणि प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा धरतात. २०२१ ला कायद्यात मोठी दुरुस्ती झाली त्यात दर झाडामागे १ लाखापर्यंत दंडाची तरतूद आली. चार हजारात काम करणारा लाकूडवाला मग किती महाग पडतो याचा हिशोब तुम्हीच करा. कोर्टंही हल्ली ऐकून घेत नाहीत. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताजमहालच्या आसपासच्या संरक्षित पट्ट्यात परवानगीशिवाय पाडलेल्या ४५४ झाडांच्या प्रकरणात झाडामागे १ लाख याच हिशोबाने दंड कायम केला, म्हणजे साडेचार कोटींच्या वर. तिथला कायदा वेगळा, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं.

आधी ठरवा, हे "झाड" आहे का आणि कुणाचं

या कायद्यात झाड म्हणजे कुठलीही बहुवर्षायू लाकडी खोडाची वनस्पती, रोप असलं तरी आणि झुडूप असलं तरी. म्हणजे "एवढंसं तर आहे" हा मुद्दा बाद. केळीचा गड्डा काढायचा असेल तर खुशाल काढा, तिला लाकडी खोडच नसतं. पण शेवगा, सुबाभूळ, बदाम, उंबर, भिंतीला खेटून आलेला पिंपळ, हे सगळं यात येतं. नारळालासुद्धा वृक्षगणनेत नंबर पडतो. ही वृक्षगणना दर पाच वर्षांनी करायची असं कायद्यातच आहे, त्यामुळे तुमचं झाड बहुतेक आधीच कुठल्यातरी यादीत मोजलेलं असतं. रात्रीत गायब झालं तर कुणाला कळणार नाही हा भ्रम इथेच सोडा.

मग मालकी. बंगला असेल तर प्रश्न नाही, मालमत्ता पत्रक नाहीतर सातबारा काढून ठेवा. सोसायटी असेल तर कंपाउंडमधलं झाड सोसायटीचं, तळमजल्यावाल्याने स्वतः लावलं असलं तरी, आणि अर्ज कमिटीच्या ठरावासह सोसायटीच्या लेटरहेडवर जातो. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती लागते. फुटपाथवरचं झाड महापालिकेचं, तिथे तुम्ही फक्त तक्रार किंवा विनंती करू शकता, स्वतः हात लावायचा नाही.

खरंच तोडायची गरज आहे का ते बघा

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग अर्ज नामंजूर झाला की महापालिकेला शिव्या देतात. आमच्या गुलमोहराचंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक टाकले होते, दिसायला छान, मुलांना सायकल चालवायला बरं. कंत्राटदाराने ब्लॉक थेट बुंध्याला चिकटवून बसवले आणि फटीत सिमेंट भरलं. बुंध्याचा घेर इतका आवळला गेला होता की एका बाजूला साल सिमेंटवरून ओघळल्यासारखी बाहेर आली होती, बोट घालायला जागा नव्हती. पाणी मुळाला जाणार कुठून? मूळ पसरणार कुठे? आणि गुलमोहराची मुळं तशीही वरवर असतात. म्हणजे आधी आम्हीच झाडाचा गळा दाबला आणि मग ते झुकलं म्हणून धोकादायक ठरवून मोकळे होणार होतो.

बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायची, काँक्रीट काढून टाकायचं, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांबाबत दिला होता. तुमच्या गावात कुणी विचारो न विचारो, तुम्ही हे करून टाका, दोन मजुरांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पुष्कळदा फांद्यांची छाटणी पुरते. पण लक्षात घ्या, छाटणीलाही परवानगी लागते, फक्त ती सोपी आणि लवकर मिळते. छाटणी म्हणजे मुंडण नव्हे. सगळ्या फांद्या एका बाजूने उडवल्या की वजन दुसऱ्या बाजूला जातं आणि पहिल्या वादळात झाड आडवं, म्हणून अधिकारी "समतोल छाटणी" असा शब्द वापरतात, अर्जात तोच लिहा. पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये सगळेच जागे होतात, तेव्हा रांग मोठी असते. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज टाकलात तर सुखी राहाल.

अर्ज

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने, तो महापालिकेच्या उद्यान विभागात किंवा वॉर्ड ऑफिसात बसतो. बऱ्याच महापालिकांनी ऑनलाइन सोय केलीय, पण ऑनलाइन भरला तरी एक हार्ड कॉपी देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. माझा पहिला अर्ज "सापडत नाही" झाला होता, तीन आठवडे गेले, कुठल्या ऑफिसात ते सोडा. दुसऱ्या वेळी पोच खिशात होती तेव्हा तोच अर्ज पाच मिनिटात सापडला.

अर्जाबरोबर काय जोडायचं तर जागेचा नकाशा आणि त्यात झाड कुठे आहे त्याची खूण, सर्व्हे किंवा सिटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, झाडांची संख्या, जात, घेर आणि तोडायचं कारण, शिवाय मालकाची संमती. एवढं तर कायद्यातच लिहिलंय. घेर मोजायचा छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर, शिंप्याची टेप घ्या आणि टेपचा आकडा दिसेल असा फोटो काढा. जात नीट लिहा, आमच्याकडे एकाने काशिदाला गुलमोहर लिहिलं होतं आणि पाहणीला आलेल्या माणसाने अर्जच परत दिला. फोटो चारी बाजूंनी, भिंतीला तडा असेल तर तड्याचा जवळून आणि झाडासकट लांबून असे दोन. तडा झाडामुळेच गेलाय म्हणत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र लावा, नुसतं "भिंतीला धोका" लिहून भागत नाही.

कारणांबद्दल एक सांगतो, खरं तेच लिहा. झाड मेलेलं आहे, कीड लागलीय, वादळात उन्मळलंय, जीविताला किंवा मालमत्तेला धोका आहे, रहदारीला अडथळा आहे, ही कायद्याने मान्य कारणं आहेत. पानांचा कचरा पडतो, कावळे ओरडतात, गाडीवर चीक पडतो, पार्किंग वाढवायचंय, वास्तुवाल्याने सांगितलं, ही नाहीत. शेवटचं कारण एका अर्जात प्रत्यक्ष लिहिलेलं मी काउंटरवर बघितलंय.

पाहणी, नोटीस आणि वाट बघणं

अर्ज गेल्यावर अधिकारी जागेवर येऊन बघतो. त्या दिवशी घरी राहा, वॉचमनवर सोडू नका, कारण समोर माणूस असला की "तोडण्याऐवजी ही फांदी काढली तर चालेल का" असं बोलणं होतं आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. तोडायचंच ठरलं तर पेपरात जाहीर नोटीस येते आणि झाडावरही नोटीस लावतात. आमच्या इथे मागच्या कोपऱ्यात एक वाळलेली सुबाभूळ होती तिच्या खोडाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने बांधलेला कागद महिनाभर लोंबत होता आणि जाता-येता प्रत्येक जण थांबून वाचायचा. तो कागद फाडू नका. हरकत घ्यायचा हक्क शेजाऱ्यालाही आहे आणि कुठल्याही नागरिकाला आहे. कुणी हरकत घेतली म्हणून त्याच्याशी भांडण काढू नका, उद्या दुसरीकडे तुम्हीच हरकत घेणारे असाल.

निर्णयासाठी कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे. आणि परवानगी हातात पडली म्हणजे लगेच दुसऱ्या दिवशी करवत नाही, परवानगी दिल्यापासून १५ दिवस थांबायचं असतं. हे १५ दिवस म्हणजे उगाच सरकारी दिरंगाई वाटते पण २०१९ चं मुंबईतल्या आरे कॉलनीचं प्रकरण आठवा. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी करवती सुरू झाल्या आणि ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. तेव्हा वाद याच १५ दिवसांवरूनही पेटला होता. एकदा पडलेलं झाड कुठलंच कोर्ट उभं करू शकत नाही, म्हणून ही मुदत.

२०२१ च्या दुरुस्तीने आणखी दोन-तीन गोष्टी आल्या. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज म्हणजे प्राचीन वृक्ष धरलं जातं आणि त्याची छाननी जास्त कडक होते. आजोबांनी लावलेला आंबा म्हणजे तुमच्या दारात हेरिटेज उभं आहे. एकाच प्रस्तावात २०० किंवा जास्त झाडं असतील तर विषय राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जाईल असंही त्या दुरुस्तीत होतं, घरमालकाला त्याचा संबंध कमीच. पण भरपाईचा नियम मात्र सगळ्यांना लागतो, तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. ४० वर्षांचं एक झाड तोडलं तर ४० रोपं, तीही बोटाएवढी नाही, ६ ते ८ फूट उंचीची, जिओ टॅग करून (म्हणजे नेमकी जागा डिजिटल नकाशावर नोंदवून), आणि सात वर्षं जगवायची. लावायला जागा नसेल तर पैसे भरायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हा एक मुद्दा वाचून दाखवला आणि "तोडूनच टाका" म्हणणारे चार जण गप्प बसले. आम्हाला अनामत रक्कमही भरायला लागली, तिची पावती फाइलला लावा, कारण ती परत मागायची वेळ येईल तेव्हा कमिटी बदललेली असते.

परवानगीचा कागद नीट वाचा

त्यात झाडांची संख्या, जात, कुठलं तोडायचं, कुठलं छाटायचं, कुठलं पुनर्रोपण करायचं हे वेगवेगळं असतं. दोनची परवानगी आणि तीन पाडली की तिसरं बेकायदा. मोठमोठ्यांना हे भोवलंय. आरेतच पुढे ८४ झाडांची मुभा असताना १७७ साठी हालचाल केली म्हणून एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबई मेट्रोच्या कंपनीला १० लाख भरायला लावले होते. तिथे तुमची-आमची काय कथा.

कामाच्या दिवशी परवानगीची झेरॉक्स गेटवर लावा. नाहीतर समोरच्या बिल्डिंगमधून फोन जातो आणि पोलीस येतात, आणि तसा फोन करणारा काही चुकीचं करत नसतो. झाडाच्या नंबरावर खडूने खूण करा, कापणाऱ्याला स्वतः दाखवा. घरटी बघा, हे फार महत्त्वाचं आहे. पावसाच्या तोंडावर बगळे, वंचक, कावळे यांची घरटी भरलेली असतात आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं हे शिकारीतच धरतात. झाडाची परवानगी आहे म्हणून पिल्लांची मिळत नाही. घरटं दिसलं तर महिना-दीड महिना थांबा.

झाड आजच पडेल अशी स्थिती असेल तर

तेव्हा अर्ज-बिर्ज करत बसायचं नाही, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा, मुंबईत असाल तर आपत्कालीन कक्षाचा १९१६ आहे. खालच्या गाड्या हलवा, माणसं लांब ठेवा, भरपूर फोटो आणि व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी उद्यान विभागाला लेखी कळवा. ईमेल केलात तरी तारीख-वेळ राहते, नंतर "तुम्हीच पाडलं" असा आरोप झाला तर हेच कामाला येतं.

धोकादायक झाड शेजाऱ्याचं असेल आणि तो ऐकत नसेल तर त्याला लेखी पत्र, प्रत उद्यान विभागाला. तरी हलला नाही तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली जाता येतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होतं, त्यात पडायला आलेल्या झाडाचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत महापालिका खासगी आवारातल्या झाडांबाबत तिच्या कायद्याच्या कलम ३८३ खाली सोसायट्यांना नोटिसा देते. अशी नोटीस आली आणि तुम्ही फाइलला लावून विसरलात, आणि मग फांदी कुणाच्या डोक्यात पडली, तर कमिटीला उत्तर द्यायला तोंड राहत नाही.

गाडीवर झाड पडलं तर नुसत्या थर्ड पार्टी विम्यात काही मिळत नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह लागतो. गाडी हलवायच्या आधी फोटो काढा.

शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आपल्याकडे आली हा तर सनातन विषय. आपल्या हद्दीत आली तरी कोयता उचलू नका, आधी त्याच्याशी बोला आणि छाटणीचा अर्ज दोघांच्या सहीने टाका, असे अर्ज पटकन सुटतात. आणि कैऱ्या झाडाच्या मालकाच्या, हे कितीही जिवावर आलं तरी.

गावाकडे घर असेल तर गणित वेगळं आहे. तिथे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ चालतो आणि त्याच्या यादीत ठरावीक १६ जाती आहेत, साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन, बिजा, हळदू, तिवस आणि खारफुटी. यातलं झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी वन खात्याकडून परवानगी. सुबाभूळ, निलगिरी या यादीत नाहीत, पण म्हणून गावातला नियम शहरात लावायला जाऊ नका, मामाने गावी निलगिरी तोडली तेव्हा कुणी विचारलं नाही हे वाक्य मी या चार महिन्यात तीनदा ऐकलंय. चंदनाचं एक वेगळंच, पुण्यात बंगल्यांतली चंदनाची झाडं चोर रात्रीत कापून नेतात, तेव्हा चोरीची तक्रार पोलिसांत आणि एक प्रत उद्यान विभागात द्या, नाहीतर गणनेत झाड कमी दिसलं की विचारणा तुम्हालाच. गोव्यात घर असेल तर तिथे १९८४ चा वेगळा कायदा आहे. तिथे २०१६ मध्ये माडाला "झाड" या व्याख्येतूनच बाहेर काढलं होतं, लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी माड राज्यवृक्ष झाला.

शेवटचं म्हणजे रीडेव्हलपमेंट. सध्या सगळीकडे तेच चाललंय आणि करार सही करताना लोक कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), भाडं सगळं बघतात पण झाडांचं पान उलटून पुढे जातात. करारात झाडांची यादी नंबरसकट जोडायला सांगा, कुठली राहणार, कुठली हलवणार, कुठली तोडणार. पुनर्रोपण म्हणजे झाड कुठे नेणार ती जागा लेखी घ्या, कारण पुनर्रोपण केलेली पुष्कळ झाडं जगत नाहीत आणि मोठं झाड मुळासकट उपटून मोकळ्या मैदानात रोवून पाणी न घालता सोडून देणं याला पुनर्रोपण म्हणत नाहीत. परवानगी बिल्डर काढतो, पण अर्जाला संमतीचं पत्र सोसायटीचं लागतं, ते कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका.

आमच्या सुबाभळीला परवानगी मिळाली, गुलमोहराला नाही, फक्त समतोल छाटणी मंजूर झाली. छाटणीला तोच लाकूडवाला बोलावला, तर गेटवरच म्हणाला, "परवानगीची झेरॉक्स आहे ना साहेब? मध्ये एका ठिकाणी करवत जप्त झाली माझी." पेव्हर ब्लॉक काढले, दोन पावसांत बुंध्याशी गवत आलं. आता बिल्डरचा पहिला प्लॅन आलाय आणि त्यात गुलमोहराच्या बरोब्बर जागेवर कार लिफ्ट दाखवलीय, पुढच्या रविवारी त्याची मीटिंग आहे.